विरोधात कोण बसणार?

आमचे केसरीनाथ शेठ मनानं वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्यांच्याबद्दल काही बरं बोलेन याची खात्री नाही.

मी नर्स. राहायला भिवंडीत, ड्युटी गणेशपुरीच्या बाजूला. शेठ मानकोलीचे जमीनवाले आणि आमच्या हातभार मंडळाचे अध्यक्ष. मंडळात लूमवर शिफ्ट करणारे होते, मास्तर होते, आमच्या बुद्धवाड्यातल्या बायका होत्या. दर महिन्याला ज्याला जमेल तेवढं त्यानं टाकायचं आणि कुणाच्या तरी धंद्याला हात द्यायचा. अध्यक्षाची निवडणूक मात्र कधी झाली नाही. शेठ पहिल्या सभेत खुर्चीवर बसले ते बसलेच.

त्र्याण्णव साली मंडळानं गणेशपुरीपलीकडची कातकरवाडी मदतीसाठी घेतली. तिथली तुळजा रानातली करटोली, काकड्या, मध आणून एस्टी स्टँडवर विकायची. जमिनीवर बसायची म्हणून जो तो तिला उठवायचा. हॉटेलवाला उठवायचा, हारवाला उठवायचा, एकदा तर एका कंडक्टरनं उठवलं, त्याचा काय संबंध होता कोण जाणे. शेवटी मी पंचायतीच्या हात धुऊन मागे लागले आणि स्टँडजवळ वाडीसाठी जागा मिळवली. अट अशी की गणपतीच्या आत टपरी उभी राहिली पाहिजे, नाहीतर जागा पानवाल्याला.

वाडी चिंचेखाली बसली. दिवसभर बोलली, भांडली, पुन्हा बोलली आणि सगळ्यांचं ठरलं: मंडळाकडून टपरी घ्यायची, तुळजानं चालवायची, वाडीचा सगळा माल तिथं विकायचा. इतकं सरळ काम! पण शेठना सरळ काम पचत नाही. त्यांच्या मनात शिलाई मशिनी होत्या. त्यांच्या साडूचं कल्याणला शिलाई मशीनचं दुकान होतं, हे मी आपलं सहज सांगते.

ते म्हणाले, चिंचेखाली ठरतं ती लोकशाही नव्हे, गुप्त मतदान घेऊ. मग काय, एका रविवारी आम्ही मंडळवाले टेम्पोत बसून वाडीवर. चिठ्ठ्या कोण वाचणार, म्हणून लूमवरच्या सुताच्या कांड्या नेल्या. लाल कांडी टपरीला, पांढरी मशीनला. एका झोपडीत खोका ठेवला, बाजूला दोन्ही रंगांचे ढीग. एकेकानं आत जायचं आणि एक कांडी टाकून यायचं.

खोका उलटा केला तर सगळ्या लाल. शोधायलासुद्धा पांढरी सापडेना.

तुळजाचा चेहरा फुलला आणि शेठचा पडला. ते उभे राहिले आणि भाषणच ठोकलं. म्हणे, सगळ्यांचं एकच मत म्हणजे नक्की कुणाचा तरी दबाव. खऱ्या लोकशाहीत विरोध असतो. विरोधात कुणीच नसेल तर हे मतदान मी धरणार नाही, पुन्हा घ्या. वाडीतला म्हातारा रघूबाबा म्हणाला, मग आम्हाला जरा चिंचेखाली बसू द्या, विरोधात कोण ते ठरवतो. शेठनी कपाळाला हात लावला. आपसात एक अक्षर बोलायचं नाही, म्हणाले, गुप्त म्हणजे गुप्त.

पुन्हा रांग लागली. या वेळी लोक आत जाताना तुळजाकडे अशा मायेनं बघत होते की मला शंका आली. वाडीतल्या लडकूची बायको तर बाहेर येताना डोळे पुसत होती.

खोका उलटा केला. सगळ्या पांढऱ्या आणि मध्ये एकुलती एक लाल.

मागून कळलं ते असं: विरोधात कुणी नसेल तर टपरी येणार नाही, एवढंच त्या बिचाऱ्यांनी भाषणातून घेतलं. बोलायला बंदी. मग प्रत्येकाला वाटलं, तुळजासाठी आपणच तेवढं वाईट व्हावं, लाल टाकायला बाकीचे आहेतच. लाल कांडी टाकणारी तुळजा एकटी.

शेठ खूश. निकाल लागला, म्हणाले, मशिनी पुढच्या आठवड्यात पाठवतो. मी भांडायला तोंड उघडलं, पण तुळजा मला मागे सारून पुढं झाली. ही बाई कधी आवाज चढवून बोलत नाही. तेव्हाही नाही चढवला.

"शेठ, आम्ही जितलो तवा तुम्ही परत घेतलं," ती म्हणाली. "आता हरलो, तर एकदाच पुरं?"

टेम्पोचा ड्रायव्हर बिडी हातात धरून थांबला.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, पैसा अध्यक्षांच्या घरचा नाही, सगळ्यांचा आहे, तर सगळ्यांनीच हात वर करा, वाडीनं आणि मंडळानं. टपरी कुणाला हवी? हात वर गेले ते सगळेच. मास्तरांचा गेला, लूमवाल्यांचा गेला, ड्रायव्हर सभासदही नव्हता तरी त्याचा गेला. खाली राहिले ते शेठचे दोन.

त्यांनी चौफेर पाहिलं. साडूला काय सांगू, हा विचार तोंडावर स्वच्छ दिसत होता. मग टोपी नीट केली आणि ताठ उभे राहून म्हणाले, "एकमत चालणार न्हाय. लिहा, मी विरोधात हाय."

हट्ट होता की शहाणपण, मला अजून कळलेलं नाही. पण वाडीनं त्यांच्यासाठी ज्या टाळ्या वाजवल्या त्या मला आयुष्यात मिळाल्या नाहीत. रघूबाबानं त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाला, शेठ, तुम्ही एवढं केलंत म्हणून टपरी झाली. शेठनी ते मान्यही केलं.

गणपतीच्या आधी टपरी उभी राहिली. नारळ फोडायला अर्थात अध्यक्षच. नारळ फुटला, फोटो झाला आणि शेठनी करटोल्यांचा चांगला ढीग निवडून पिशवी उघडून धरली, जणू घरचंच परसदार. तुळजानं ढीग तराजूत घातला, पारडं स्थिर होऊ दिलं आणि भाव सांगितला.

शेठ बघतच राहिले. "अगो, मी मंडळाचा अध्यक्ष हाय."

"म्हणून तर पहिलं गिऱ्हाईक तुम्ही," तुळजा म्हणाली. "फुकट न्यायला आता आम्ही काय खाली बसलेलो न्हाय."

शेठनी घासाघीस केली. तुळजा एक पैसा खाली आली नाही. मी मध्ये पडले नाही. शेवटी शेठनी खिशात हात घातला, पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले आणि पिशवी घेऊन मुकाट्यानं एस्टीकडे चालू लागले.