नोंदणी पूर्ण

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमचे शिपाईमामा म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. बावीस वर्षं या वाचनालयात ग्रंथपाल आहे, पण माझ्या खुर्चीची गादी अजून नवी कोरी आहे. बसायला सवड मिळतेय कुठे? दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांचं पत्रक काढायचं, ते दारावर, काउंटरवर आणि जिन्यात चिकटवायचं, आणि मग महिनाभर त्यातल्या एकेका ओळीमागे धावायचं. पहिल्या शनिवारी मुलांसाठी गोष्टी. दुसऱ्या शनिवारी ज्येष्ठांना मोबाइलवर अर्ज भरायला मदत. चौथ्या शनिवारी विणकाम मंडळ, तिथे विणकाम कमी आणि सुनांची उणीदुणी जास्त. आणि या खेपेला तिसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, वरच्या छोट्या सभागृहात: ‘बंद पडलेलं घड्याळ घेऊन या, स्वतः उघडून बघा.’ शिकवणार चाळीस वर्षांच्या अनुभवाचे घड्याळवाले. जागा वीस.

ते अनुभवी घड्याळवाले म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि सहा महिन्यांत दादाने दुकान बंद केलं. तेव्हापासून तो खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघायचा. रंगकाम संपलं, परांच्या उतरल्या, रंगारी निघून गेले, तरी हा आपला बघतोच आहे. मी दर रविवारी जाते. डबा ठेवते, आठवड्याच्या गोळ्या लावून देते, पडदे धुवायला काढते आणि निघते. भाची दुसऱ्या शहरात असते. ती दर फोनवर सांगायची, बाबा, तुमची खोली तयार आहे, कधी येताय? दादा तिला हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. शेवटी मीच त्याच्या मागे लागले की आमच्याकडे एक कार्यक्रम कर. चार रविवार डोकं खाल्लं तेव्हा कुठे कबूल झाला.

“एवढा एक करतो,” तो म्हणाला. “लोक आले तर बघू पुढचं. नाही आले तर महिनाअखेर पोरीकडे जातो. कायमचा.”

दूध संपलंय हे सांगावं त्या सुरात सांगितलं त्याने. मी म्हटलं, येतील की, न यायला काय झालं, आणि धुवायचे पडदे काखोटीला मारून जिना उतरले. गेट ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात याद्या सुरू झाल्या होत्या.

आता आमच्या वाचनालयाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. कोऱ्या पानावर पहिलं नाव लिहायला कोणी धजत नाही. कार्यक्रम कितीही चांगला असो, नोंदणीचं पान रिकामं दिसलं की माणूस दोन मिनिटं घुटमळतो, पेन उचलतो, ठेवतो आणि काढता पाय घेतो. म्हणून पान उघडलं की आम्हीच दोन-चार नावं टाकतो. लांबचे नातेवाईक, जुने शेजारी, कोणीही. याला आम्ही ‘विरजण लावणं’ म्हणतो. एकदा ते लागलं की खरी नावं आपोआप येतात, आणि आमची खोटी आम्ही नंतर गुपचूप खोडतो. बावीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती.

नोंदणी होते तीन ठिकाणी. दारातल्या वहीत, ती शिपाईमामांकडे. देवघेव काउंटरवर, म्हणजे पुस्तकं घ्यायची-द्यायची तिथे. तिथल्या बाई फोनवरूनही नावं घेतात. आणि तिसरी माझी डायरी. बुधवारी संध्याकाळी तिन्ही याद्या एकत्र करायच्या. बारापेक्षा कमी नावं असली तर कार्यक्रम रद्द, असा समितीचा नियम आहे.

त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सोमवारी मी डायरी उघडली आणि विरजण लावायला बसले. चार नावं पुरली असती. पण हात थांबेना. चुलतभाऊ, मावसबहीण, मावसबहिणीचे मिस्टर, धाकटी आत्या जी चार वर्षं अंथरुणातून उठलेली नाही, शाळेतली मैत्रीण, तिचा दीर, आमच्या जुन्या घरमालकीणबाई. सात झाली. म्हटलं, असू दे, माझ्या भावाचा कार्यक्रम आहे, थोडं घट्ट लागू दे.

मंगळवारभर मी सतरा वेळा वर-खाली केलं. सभागृहातला पंखा कुरकुरत होता, तो बघितला. टेबलं जोडून बघितली, मग वेगळी करून बघितली. काउंटरवरच्या बाईंना दोनदा विचारलं, फोन येतायत का हो? त्या म्हणाल्या, येतायत की. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, बाई, तुम्ही चहा घ्या बघू आधी. मी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि कप कुठे ठेवला ते तासभर सापडेना.

बुधवारी संध्याकाळी याद्या जोडल्या. दारातल्या वहीत सहा, काउंटरवर सात, माझी सात. वीस! मी दोनदा मोजली. माझी सोडली तरी तेरा खरी माणसं. मला रडू यायचंच बाकी होतं. बाई म्हणाल्या, मग ‘नोंदणी पूर्ण’ लिहू का? मी म्हटलं, लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. माझी सात मी शनिवारी खोडणार होते, तेरा जणांना खुर्च्या ऐसपैस झाल्या असत्या. तेवढ्यापुरती वीस जणांची यादी दिसू दे दादाला, म्हणून सुवाच्य अक्षरात उतरवून सभागृहाच्या दाराला लावली. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “वीस? मग झाकणं कमी पडतील.”

त्याला उघडलेल्या घड्याळाचे बारीक स्क्रू ठेवायला प्रत्येकासाठी बरणीचं एकेक झाकण हवं होतं. गुरुवारी तो स्वतः खाली उतरून शेजारपाजाऱ्यांकडे झाकणं मागत फिरला. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा. शेजारणीने मला फोन करून सांगितलं तेव्हा मी गोदामात शिडीवर उभी होते, पडता पडता वाचले.

शनिवारी तो तीनलाच आला. इस्त्रीचा सदरा, हातात दोन पिशव्या. एकीत झाकणं, चिमटे, भिंगं. दुसरीत दुकानातली घड्याळं, लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि कधी न्यायला न आलेली, मोजून वीस. कोणी आपलं आणायला विसरलं तर म्हणून. मी त्याला वर सोडलं आणि खाली पळाले, कारण मला दारात उभं राहून माणसं मोजायची होती.

पावणेचार वाजले. मग चारला पाच कमी. दोन मुली आल्या, त्या परीक्षेची पुस्तकं परत करून गेल्या. चार वाजले. दारातून नुसतं ऊन आत येत होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली. मी शिपाईमामांना विचारलं, तुमच्या वहीतले सहा कुठे राहिले?

मामा चपला न्याहाळायला लागले. मग हळूच म्हणाले की बाई, ते सहा माझेच. माझा मेहुणा, त्याची दोन पोरं, असे. तुमची तगमग बघवेना, म्हणून म्हटलं थोडं विरजण जास्त लावू. काउंटरवर तर खरी नावं लागलेलीच आहेत.

मी काउंटरकडे वळले. बाई स्वतःहूनच सांगायला लागल्या. फोन आले होते, हे खरं होतं. पण सगळे बुधवारनंतरचे; मंगळवारी त्या नुसतं माझं मन राखायला हो म्हणाल्या होत्या. बुधवारपर्यंतचे सात त्यांनी स्वतः टाकले होते, कारण त्यांना वाटलं दारातली सहा आणि माझी सात खरी आहेत, निदान काउंटर तरी ओकंबोकं दिसायला नको. आणि बुधवारनंतर? मी विचारलं. किती जणांनी विचारलं?

“नऊ,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाला सांगितलं, नोंदणी पूर्ण झाली म्हणून. एक आजोबा तर घड्याळ घेऊनच आले होते. परत पाठवलं मी त्यांना.”

नऊ माणसं! स्वतःच्या पायांनी आलेली, फोन करून विचारणारी नऊ माणसं आम्ही तिघांनी हाकलली होती, आणि तीही प्रेमापोटी. फोन नंबर घेतले का, विचारलं. नव्हते घेतले. जागाच नाहीत तर नंबर कशाला? मला बाईंवर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं मला? सुरुवात माझ्याच डायरीतून झाली होती.

मी वाचनकक्षात शिरले. तिथे वर्तमानपत्रं वाचणारे सहा जण बसले होते, आमचे रोजचे. मी त्यांना हात जोडून म्हटलं, वर चला, एक तास, घड्याळ नसलं तरी चालेल, चहा मी देते. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना रक्तदानाला बोलावते आहे. एकाने विचारलं, पण ते तर भरलंय ना? बोर्ड लावलाय तुम्ही. दुसऱ्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि जिन्याकडे मान हलवली. मी तणतणत बाहेर आले. रस्त्यावर जाऊन उभी राहिले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. चपलेच्या दुकानातला माणूस, रिक्षावाला, कोणाचाही हात धरून ओढत न्यावं असं वाटत होतं. मग लक्षात आलं की आता कोणालाही नेलं तरी ते तेच होणार होतं, आणखी एक खोटं नाव.

साडेचारला मी जिना चढले. एरवी दोन-दोन पायऱ्या चढणारी मी, त्या दिवशी कठड्याला धरून गेले. मनात वाक्यं जुळवत होते. दादा, पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवू. दादा, बाहेर कसलं तरी आंदोलन आहे, रस्ते बंद आहेत. दादा, चूक झाली.

त्याने वीस जागा मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीसमोर एक झाकण, एक चिमटा, एक घड्याळ, खाली पांढऱ्या कापडाचा चौकोन. तो स्वतः समोरच्या टेबलाशी बसून एक घड्याळ उघडत होता. भिंग डोळ्यावरून न काढताच म्हणाला, “दमलीस? किती चकरा मारल्यास?”

मी सगळं सांगून टाकलं. विरजण, मामा, बाई, ते नऊ जण, परत पाठवलेले आजोबा. शेवटी म्हटलं की दादा, यात तुझा काही संबंध नाही, लोकांना यायचं होतं, आम्हीच माती खाल्ली, तू त्यावरून जायचं ठरवू नकोस.

“मला तीन वाजताच कळलं,” तो म्हणाला. “दारावर यादी आहे ना. त्यात आपली धाकटी आत्या आहे.”

मी विचारलं की कळलं होतं तर ही वीस मांडामांड कशाला केलीस?

त्याने भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“यादी मी दोनदा वाचली,” तो म्हणाला. “अंथरुणातली आत्या आहे. जुनी घरमालकीण आहे. तू सांगतेस तर मामांचा मेहुणासुद्धा आहे. तुझं नाव नाही.”

मी म्हटलं, अरे, मी तर इथेच असते, मला खाली बघावं लागतं, दार, काउंटर...

“दर रविवारी येतेस,” तो म्हणाला. “दोन वर्षांत एकदाही बसली नाहीस. मी जावं की राहावं हे त्या वीस जणांना विचारायचं नव्हतं मला. तुला विचारायचं होतं. तू लोक गोळा करायला निघून गेलीस.”

खाली काउंटरवरचा फोन वाजायला लागला. माझा पाय सवयीने दाराकडे वळला. तो मी मागे घेतला, हे मला आजही सांगताना लाज वाटते, कारण त्याला जोर लावावा लागला. मी पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची ओढली आणि बसले. फोन वाजून वाजून थांबला.

“जाऊ नकोस, दादा,” मी म्हटलं. “मला एकटीला नाही जमणार इथे.”

तो उठून आला, माझ्यासमोरचं घड्याळ उलटं केलं, चिमटा माझ्या हातात दिला आणि मी तो चुकीचा धरला म्हणून पुन्हा नीट धरायला लावला. पहिला स्क्रू निघायला वीस मिनिटं लागली. मला तीनदा उठावंसं वाटलं, तीनदा त्याने नुसतं बोटाने झाकणाकडे दाखवलं. मग मी तो स्क्रू त्यात ठेवला आणि त्याने दुसरा कुठे आहे ते सांगितलं.