कळंबच्या राजनंदिनीचं मोटरसायकलचं लायसन

कळंबमध्ये मानसिंगरावांची गाडी कोण चालवतं असं कुणालाही विचारा. त्यांची सून चालवते म्हणून सांगतील आणि वर तोंडभरून कौतुकही करतील. उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या असताना कालव्याच्या अरुंद रस्त्यावर राजनंदिनी कार अशी सफाईनं मागं घ्यायची की ट्रॅक्टरवाले बघत राहायचे. त्या सोमवारीही तिनं सासऱ्यांना बारामतीला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना सासूबाईंचं दळण घेतलं, लेकीला, ओवीला, शाळेतून उचललं आणि घरी येऊन भाकरी टाकायला बसली. मानसिंगराव चहाच्या टपरीवर मिशीवरून हात फिरवत सांगायचे की माझ्या सुनंपुढं भले भले ड्रायव्हर पाणी भरतील.

आता खरं सांगते, हे कौतुक मला कधीच पचलं नाही. राजनंदिनीचा नवरा सौरभ काविळीनं गेला, तेव्हापासून ती घरची गाडी चालवत होती खरी, पण एकटीनं नेण्याची सोय नव्हती. मागं घरचं कुणीतरी बसलेलंच पाहिजे. शिवाय घरातून कुणी चांगल्या कामाला निघालं की हिनं आत स्वयंपाकघरात जायचं, ते लांब गेल्याशिवाय बाहेर यायचं नाही. नवरा गेलेली बाई समोर आली की काम नासतं म्हणे! आणि तीच बाई गाडी चालवत त्यांना त्याच कामाला घेऊन गेली तर? तर काही नासत नाही, कारण गाडीत बसलेली बाई समोरून येत नाही. असलं हे शास्त्र. कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही, पण शिकलेल्या घरांतूनसुद्धा ते बिनबोभाट चालू आहे.

जळोचीला आसावरी नावाच्या तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीनं उसाच्या रोपांची नर्सरी काढली होती. दोघींनी शेतकीचा डिप्लोमा बरोबर केला होता. गावोगावच्या प्लॉटवर जाऊन लागवड बघायची, रोपांना कीड लागली तर सांगायचं, अशा कामाला आसावरीला माणूस हवं होतं आणि तिला राजनंदिनीच हवी होती. अट एकच. मोटरसायकलवर फिरता आलं पाहिजे आणि लायसन पाहिजे, कारण कालव्याच्या कडेनं आणि बांधावरून कार जात नाही. सौरभची मोटरसायकल गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडूनच होती. राजनंदिनीला वाटलं, इतकी वर्षं कार चालवतेय, हे काय, चुटकीसरशी होईल. चौकशी केली तर कळलं की चारचाकीचं लायसन असलं म्हणून दुचाकीचं आपोआप मिळत नाही. आधी शिकाऊ लायसन, मग महिनाभर थांबायचं, मग ट्रायल. तिनं शिकाऊ लायसन काढलं.

मानसिंगरावांनी हरकत घेतली नाही. त्यांना तो पोरखेळ वाटला. शिकवायला धाकटा दीर सिद्धू तयार झाला, आणि शिकवलं बरं का त्यानं मनापासून. दोघं दुपारच्या सामसुमीत कालव्यावर जायची. पहिल्या दिवशी राजनंदिनीनं गाडी सुरू केली, नेली, झकास थांबवली आणि दोन्ही पाय वर घेऊन तशीच बसून राहिली. कार थांबली की पडते का कधी? मोटरसायकल सावकाश कलंडली आणि वहिनीबाई गवतात! बांधावर शेळ्या राखणाऱ्या बानूबाईंची हसून हसून मुरकुंडी वळली. क्लच म्हणून डावा पाय दाबायची खोड तर जाता जाईना. इकडं डावा पाय गिअरवर, त्यामुळं गाडी हिसके द्यायची आणि सिद्धू डोक्याला हात लावायचा. वळताना अंग झुकवायचं सोडून ती नुसतं हँडल फिरवायची. पण बाई हटली नाही. गुडघे सोलवटले, त्यावर हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कालव्यावर. महिना सरता सरता ती ओवीला मागं बसवून चिखलातून जाऊ लागली. इतक्या दिवसांत ती अशी हसलेली घरात कुणी बघितली नव्हती. सासूबाईंनी, म्हणजे बनाबाईंनीसुद्धा एकदा दारातून बघून पदर तोंडाला लावून हसू दाबलं होतं.

ट्रायलची तारीख मिळाली आणि नेमकी त्याच दिवशी सिद्धूच्या साखरपुड्याची तारीख निघाली. मुलगी नरसिंहपूरची, कार्यक्रम तिच्याच घरी. ट्रायल पुढं ढकलावी तर नर्सरीत लागवडीची धावपळ सुरू होत होती आणि आसावरीनं स्पष्ट सांगितलं होतं की आता मी थांबू शकत नाही. जेवताना मानसिंगरावांनी विषय काढला. गाडी नरसिंहपूरला न्यायची आहे, तेव्हा ते लायसनचं राहू दे, असं ते म्हणाले. राजनंदिनीनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"आबा, मी गाडी नेली तर मला आत बसवणार का कार्यक्रमाला?"

मानसिंगराव बनाबाईंकडे बघू लागले. बनाबाई म्हणाल्या, "तसं कसं व्हईल गं? तू गाडीतच थांब की. तिकडची मानसं काय म्हंतील?"

"मग आत्या, गाडीत थांबायला दुसरं कुणी बी चालंल. मी ट्रायलला जाणार."

घरात कुणी आवाज चढवला नाही. मानसिंगरावांनी भाड्यानं ड्रायव्हर सांगितला आणि सिद्धूनं वहिनीला डोळ्यांनीच जा म्हणून खुणावलं. तिला तेवढं बळ पुरेसं होतं.

त्या सकाळी सगळे निघून गेल्यावरच बाहेर पडायचं असं तिनं ठरवलं होतं. ती स्वयंपाकघरात तयार होऊन बसली. पण चुलत सासरे मोहनराव आले उशिरा, मग फेटा बांधायला वेळ, मग फोटो. बारामतीतल्या ट्रायलची वेळ टळायला आली. शेवटी नाइलाजानं तिनं मागच्या दारानं जाऊन मोटरसायकल काढली. गल्लीला बाहेर पडायची वाट एकच होती. हार घातलेली कार पुढच्या दारातून निघाली आणि ही समोरून आली. मोहनरावांनी गाडी थांबवायला लावली. सगळ्यांना खाली उतरवलं, ओट्यावर बसवलं, एकेक घोट पाणी पाजलं आणि मगच पुन्हा निघाले. राजनंदिनीनं हे सगळं आरशातून बघितलं आणि तशीच पुढं गेली.

ट्रायल ती पहिल्या फटक्यात पास झाली. आठाच्या आकड्यात जमिनीला पाय लागला नाही, एकही हिसका बसला नाही. तपासणारे साहेब म्हणाले, "ताई, कार चालवणारी माणसं इथं हमखास पाय टेकतात. तुम्ही चांगलं शिकून आलाय." ती बाहेर आली, रसवंतीसमोर गाडी लावली आणि एक ग्लास रस घेऊन एकटीच बाकावर बसली. मागं कुणी बसलेलं नव्हतं, घाई करणारं कुणी नव्हतं. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं तिथूनच आसावरीला फोन केला आणि आठवड्यात कामावर येते म्हणून सांगितलं.

संध्याकाळी घरी आली तर घरात सुतकी कळा. साखरपुडा मोडला होता. का मोडला ते मी सांगते, कारण त्या घरात ते कुणी बोललं नाही. अंगठ्या घालायच्या वेळी मोहनरावांनी नवीनच टूम काढली की लग्न बारामतीतल्या मोठ्या लॉनवरच झालं पाहिजे आणि ते मुलीकडच्यांनीच करून द्यायचं. मानसिंगरावांनी मान डोलावली. मुलीचा बाप पाटावरून उठला, हात जोडले आणि आम्हाला हे स्थळ नको म्हणाला. शहाणा माणूस! इतकं साधं कारण, पंचवीस माणसांच्या डोळ्यांदेखत घडलेलं. पण नरसिंहपूरहून कळंबला येईपर्यंत गाडीत ते कारण कुठल्या कुठं गेलं आणि उरलं एवढंच, की निघताना ती समोर आली.

मानसिंगराव तिच्याशी बोलले नाहीत. बनाबाई रडत होत्या. ती सिद्धूकडे गेली. तो तरी खरं बोलेल याची तिला खात्री होती.

"भावजी, तुमी तिथंच हुता. सांगा, कशानं मोडलं?"

सिद्धू खाली बघूनच बोलला. "काकांचं चुकलंच, वहिनी. पर काका याआदी असं कदीच बोललं नव्हतं. त्याच दिवशी का बोललं? तुमी जरा थांबायला पायजे हुतं."

हे जर मोहनराव बोलले असते तर ती भांडली असती. मानसिंगराव बोलले असते तर तिनं ऐकून सोडून दिलं असतं. पण ज्यानं तिला पडल्यावर उचललं, तोल सावरायला शिकवलं, त्यानंच हे म्हटलं आणि बाई आतून खचली. ती रात्रंदिवस तेच उगाळत बसली. मी थांबले असते तर? सौरभला दवाखान्यात नेताना गाडीपुढं तर मीच आले होते ना? मन एकदा त्या वाटेला लागलं की त्याला काय, कुठलेही पुरावे सापडतात. शेजारी नवा ट्रॅक्टर पूजेला निघाला तेव्हा ती अंगण झाडत होती. तिनं झाडू टाकला आणि दाराआड जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. ओवीनं ते बघितलं आणि आई असं का करतेस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली की आपलं असंच असतं.

लायसन आलं. मोटरसायकल जागेवर होती, किल्ली खुंटीला होती. मानसिंगरावांनी तर एव्हाना जायचं असेल तर जा म्हणून टाकलं होतं, कारण पगार येणार होता आणि तो त्यांना नको होता असं नाही. आसावरीचा फोन आला. पहिला प्लॉट निमगावच्या बाजूला होता, सकाळी लवकर पोहोचून शेतकऱ्यासमोर पहिलं रोप लावून दाखवायचं होतं.

"आसावरी, ते लोक लागवडीला नारळ फोडणार हायत का गं?"

"फोडतातच सगळे. का?"

"मग माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठव. त्यांच्या वर्षाच्या पिकाचा प्रश्न हाय. मी समोर नको."

आसावरी चिडली, तिनं समजावलं, शेवटी रडली. म्हणाली, अगं तू शिकलेली आहेस, तूच असं बोलायला लागलीस तर मी कुणाशी भांडू? राजनंदिनीनं फोन ठेवला. आसावरीनं चार दिवस वाट बघितली आणि मग जागा भरली. दुसरं काय करणार ती?

कारचं काम मात्र चालू आहे. मानसिंगरावांचा गुडघा, बनाबाईंचं दळण आणि सिद्धूसाठी नव्या मुली बघायला जाणं. मुलीच्या घरी सगळे आत जातात आणि राजनंदिनी गाडी सावलीला लावून काचा खाली करून बसते. आता तिला कुणी थांब म्हणतही नाही.

तुम्ही म्हणाल, मग दोष कुणाचा? घरानं तिला कोंडलं नाही, मारलं नाही, लायसनसुद्धा काढू दिलं. अगदी खरं आहे, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसले. तुमच्या घरी परवा साखरपुडा असेल, पूजा असेल, नवी गाडी येणार असेल. निघताना समोर कोण आलं हे बघायला दहा जण असतात. तुम्ही एकदा मागं वळून आत जा आणि स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून कोण उभं आहे ते बघा. तिला तिथं कुणी उभं केलं, हे मला विचारू नका.