डॉगफ्लॉवरचा वाफा

वडीगोद्रीच्या तृप्तीनं अंगणात डॉगफ्लॉवरची फुलझाडं लावली, तेव्हा तिचे सासरे बद्रीनाथ एवढंच म्हणाले होते, "मेथी लावली असती तर भाजीला तरी आली असती." तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच. तिनं राजगिऱ्याहून बारीक बी ट्रेमध्ये पेरलं, रोपं जगवली, शेंडे खुडले. जानेवारीत चाळीस रोपांवर कळ्यांचे तुरे दिसू लागले.

एका सकाळी ती दळण घेऊन परतली, तर सासरे पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वाफ्यात उभे. पानांवरून थेंब गळत होते. तिच्या नाकात उग्र वास शिरला. तिच्या नवऱ्यानं, मिथुननं, कालच त्याच पंपानं उसात तणनाशक मारलं होतं.

"मामा, पंप धुतला होता का?"

"कशाला? माव्याची कीड पडली तुझ्या फुलांवर. निंबोळी अर्क मारून राह्यलो."

"आत कालचं तणनाशक होतं!"

बद्रीनाथांचा हात जागीच थांबला.

"वास आला न्हाई तुम्हाला? का मेथीसाठी वाफाच मोकळा करायचा होता?" तृप्ती बोलून गेली.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी पंप खाली टाकला. "जल्दी, मोटर लाव!"

लाइट नव्हती. मंग हौदातून बादल्या आणणं सुरू झालं. पाणी वाहून जावं म्हणून बद्रीनाथांनी कुदळीनं वाफ्याची कड फोडली, गुडघ्यांवर बसून एकेक पान धुतलं.

दुसऱ्या दिवशी शेंडे वाकडे झाले. तिसऱ्या दिवशी देठ पिळवटले. बद्रीनाथ उठल्या उठल्या वाफ्याशी जात आणि ताटात अर्धी भाकर ठेवून उठत. आठवड्यात सत्तावीस रोपं गेली. उरलेल्या तेरांकडं बघायचंही तृप्तीला भ्या वाटे.

दहाव्या दिवशी त्यातल्या एकाला पिवळं फूल आलं.

"मामा, या इकडं," तिनं हाक मारली. ते आले. "मी त्या दिवशी लई वाईट बोलले."

बद्रीनाथांनी वाकून फूल हुंगलं. "करोना झाल्ता ना, तवापासून मला कशाचाच वास येत न्हाई. कुणाला बोललो न्हाई. पोरं मंग फवारणीला हात लावू देनार न्हाईत."

तृप्ती म्हणाली, "सोमवारी जालन्याला जाऊ. नाक-कान-घशाचा डॉक्टर हाय तिथं. मी येते संगं."

"बराबर," ते म्हणाले आणि उरलेल्या रोपांना काठ्यांचा आधार द्यायला बसले.