तीन सोमवार तेच वजन

लाकडाचे वाडगे कातणारा म्हातारा कातारी कौतुकाच्या बाबतीत इतका कंजूष, की त्याच्या तोंडून ‘वा’ ऐकायला थोरल्या लेकीला वीस वर्षं थांबावं लागलं. आणि ऐकलं तेव्हा ते तिच्यासाठी नव्हतंच. ते होतं धाकटीच्या नवऱ्यासाठी.

हा जावई शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्टीत सासऱ्याच्या कारखान्यात सहज डोकावला आणि लेथला असा चिकटला, की शाळा सुटली की स्वारी हजर. सुरुवातीला पटाशी अशी धरायचा, जणू फळ्यावर नकाशा काढायचाय. थोरलीने मनातल्या मनात हसून घेतलं होतं. पण गडी हसतमुख, चूक झाली की लगेच कबूल करणारा, आणि हात... हे मान्य करणं तिच्या जिवावर यायचं, पण हात खरोखर चांगला. त्याचा तिसराच वाडगा म्हाताऱ्याने हातात घेतला, डोळे मिटून काठापासून बुडापर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाला, “वा, जावईबापू!”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. याच अंगठ्याखालून तिचे शेकडो वाडगे गेले होते. त्यांच्या वाट्याला यायचं ते नुसतं “हं”. म्हातारा फारच खुशीत असला तर “ठेव तिकडे”. लाकडाचा भुसा नाकातोंडात घेऊन जन्माचा खोकला जडवून घेतला तिने, आणि डोक्यावर कोण बसलं, तर काल आलेला मास्तर.

तेवढ्यावर भागलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण कारखान्याच्या कोपऱ्यात ओकचा एक ओंडका होता. तडकू नये म्हणून टोकांना मेण फासून म्हाताऱ्याने तो बारा वर्षं जपला होता. आता त्याची नजर अधू झाली, तसं त्याने एके दिवशी जाहीर केलं, “दोघांनी ओकचा एकेक शोभेचा वाडगा करा. ज्याचा खिडकीत टिकेल, त्याचा हा ओंडका. दोन्ही टिकले, तर ज्याचा जास्त देखणा त्याचा.”

खिडकीत टिकणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तयार वाडगा दुपारच्या उन्हाच्या खिडकीत आठ दिवस ठेवायचा. तडकला नाही तर पास. थोरलीला परीक्षेची भीती नव्हती. तो ओंडका आपलाच, आणि बाबांच्या मागे कातारी म्हणजे आपणच, हे ती धरून चालली होती. आता त्यासाठी मास्तरच्या शेजारी रांगेत उभं राहायचं, याचा तिला राग होता.

ओल्या ओकचं काम उतावळ्याचं नाही. आधी वाडगा जाडजूड कातून फळीवर महिनोन्महिने वाळत ठेवायचा. दर सोमवारी तराजूवर घालायचा आणि बुडावर पेन्सिलीने वजन लिहायचं. लागोपाठ तीन सोमवार तेच वजन भरलं, की आतलं पाणी संपलं. मग पुन्हा लेथवर चढवून पातळ करायचा. ओलाच पातळ केला, तर नंतर फाटतो. सोमवारी जावयाची शाळा उशिरा सुटायची, म्हणून दोघांची वजनं थोरलीच करायची.

तिचा वाडगा आधी वाळला, तयार झाला. चांगला होता. पण फळीवरच्या त्या दुसऱ्या, अजून जाडजूड वाडग्याची गोलाई ती येता-जाता बघत राहायची. ती गोलाई तिला जमली नव्हती, आणि हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

एका सोमवारी तो नऊशे पन्नास ग्रॅम भरला. पुढच्या सोमवारी नऊशे तीस. हातात पेन्सिल होती. तिने नऊशे पन्नास लिहिलं. उगीच, बघू तरी कसं दिसतं म्हणून. त्यापुढच्या सोमवारी नऊशे पंधरा भरला. आता ‘उगीच’ म्हणायची सोय नव्हती. तिने तेही नऊशे पन्नासच लिहिलं.

“ताई, तिन्ही वेळा तेच! चढवू ना लेथवर?” दुसऱ्या दिवशी जावयाने लहान पोरासारखं विचारलं.

“मला काय विचारता? आकडे समोर आहेत तुमच्या,” ती म्हणाली.

पटाशीखालून लांबच लांब, ओलसर ढलप्या निघायला लागल्या. जाणत्या माणसाला तेवढ्यावरून कळलं असतं. म्हातारा घरात चहाला गेला होता; जाणतं माणूस तिथे एकच होतं, आणि तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

वाडगा झाला मात्र देखणा. दोन्ही वाडगे खिडकीत बसले. पाचव्या दुपारी सगळे चहा घेत असताना खिडकीतून ‘टक्’ असा आवाज आला. जावयाचा वाडगा काठापासून बुडापर्यंत उभा फाटला होता.

म्हाताऱ्याने चिरेवरून अंगठा फिरवला. “ओला होता.”

“पण बाबा, तीन सोमवार तेच वजन होतं,” जावई गोंधळून म्हणाला. “एखाद वेळी वजन करताना काही...”

“वजन?” म्हातारा असा उसळला, की धाकटीच्या हातातला कप हिंदकळला. “वजन हिने केलंय! वीस वर्षं हिने लिहिलेला आकडा मी डोळे मिटून खरा मानत आलोय. माझे चुकलेत, हिचा एक नाही चुकला. असा कातारी मी जन्मात दुसरा पाहिला नाही. तिच्यावर बोट ठेवायचं नाही, सांगून ठेवतो. ओंडका तिचाच आहे. आधीच द्यायला हवा होता.”

 थोरलीने हे ऐकण्यासाठी वीस वर्षं काढली होती. आता चारचौघांत, एका दमात सगळं मिळालं होतं, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तोंड उघडलं तर ओंडकाही जाणार होता आणि हे शब्दही.

जावई कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. उठून तिच्यासमोर आला. “चुकलं माझं, ताई. तुमच्यावर शंका घ्यायला नको होती. मला माफ करा.”

सगळे तिच्याकडे बघत होते.

“असू द्या,” ती म्हणाली. “होतं असं.”