गळक्या नळाचं उद्घाटन

दिल्लीतल्या मुनिरक्याच्या एका गल्लीतले सगळे गळके नळ आठवी ‘ब’च्या मुलांनी दुरुस्त केले. आता तिथे एकही नळ टपकत नाही.

हे वाचलंत? आता विसरा. असं काही घडलेलंच नाही. शाळेच्या लेखी आठवी ‘ब’ तेव्हा कार्यक्रमाचा सराव करत होती, आणि सरावात काही घडत नसतं.

लुंबिनी मेश्राम या शाळेत विज्ञान शिकवते. तिला दर गुरुवारचे शेवटचे दोन तास हवे होते, वर्षभर, शाळेच्या फाटकाबाहेर. मुलांनी शेजारच्या वस्तीत जावं, लोकांचे गळके नळ दुरुस्त करावेत, एवढंच. पण परवानगी मिळाली नाही, तर तेच तास मेंदू तल्लख करणाऱ्या एका कंपनीला जाणार होते. कंपनीचा माणूस रोज येऊन व्हरांड्यात हसत बसायचा.

“मॅडम, मुलांना पाणी वाचवण्यावर निबंध येतो. पाणी वाचवता येत नाही,” लुंबिनीने प्रिन्सिपल सुहासिनी मॅडमना सांगितलं.

“तुझी तळमळ कळते गं. पण ऊन बघ किती आहे!”

पुढच्या वेळी हवा खराब होती. त्याच्या पुढच्या वेळी ऊन नव्हतं, हवाही स्वच्छ होती. मॅडमनी खिडकीबाहेर बघून सुस्कारा सोडला. “इतक्या छान दिवशी बाहेर नेलं तर पिकनिक वाटेल यार.”

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लुंबिनी जेवताना टेबलाखाली असा पाय हलवत होती, की वरणाला लाटा येत होत्या.

“पाय थांबव गं, माझा घास चुकतोय,” रावसाहेब म्हणाले. तिचे बाबा केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. नळाचं वायसर बदलायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. “तू परवानगी मागतेस, तिथेच चुकतं. कार्यक्रम माग.”

“काय फरक पडतो, बाबा?”

“परवानगीला सही लागते. कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा लागतो. पाहुणा आला की बॅनर आलं, बॅनरवर फोटो आला. स्वतःच्या फोटोला नाही म्हणणारा माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.”

दुसऱ्या दिवशी ‘उद्घाटन’ हा शब्द ऐकताच सुहासिनी मॅडम खुर्चीतून उठल्या. सगळं दहा मिनिटांत ठरलं. सोमवारी शाळेचे चेअरमनसाहेब मुनिरक्यात येतील, गळक्या नळाला बांधलेली फीत कापतील, मुलं वायसर बदलतील, आणि साहेब वर्षभराच्या परवानगीवर तिथेच सही करतील.

“तोवर प्रॅक्टिस करून घे. बिल्कुल चोख झाली पाहिजे.”

या शाळेत प्रॅक्टिसला परवानगी लागत नाही. गॅदरिंगच्या नाचासाठी मुलं पंधरा-पंधरा दिवस वर्गातून गायब असतात, कोणी हूं की चूं करत नाही. लुंबिनीने गार्डला “प्रॅक्टिस” म्हटलं आणि फाटक आपोआप उघडल्यासारखं उघडलं.

घोळ इथे झाला. प्रॅक्टिस म्हणजे खोटं खोटं करायचं, हे मुलांना सांगायचं राहून गेलं. घरी स्वतःचा ग्लाससुद्धा न उचलणाऱ्या तनयाने वरचा कॉक बंद केला, पान्याने नळ खोलला, जुनं वायसर काढून नवं बसवलं, आणि पाणी थांबल्यावर अशी किंचाळली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मग कोण थांबतंय! मुलांनी गल्लीतला एकेक नळ दुरुस्त करून टाकला.

सोमवारी सकाळी बॅनर बांधून झालं, फीत आली. लुंबिनीने कान दिला. गल्लीत टपटप कुठेच नव्हती.

तिने मॅडमना फोन लावला.

“मग एखादा परत गळका कर ना! छोटासा! साहेब निघालेत!”

लुंबिनी या दारातून त्या दारात पळाली. कोणी दार उघडलं नाही, कोणी उघडून लावून घेतलं. शेवटी नांदेडहून पीएचडीला आलेला धम्मदीप खोलीच्या दारात आडवा हात लावून उभा राहिला.

“ताई, माझ्या नळाला हात लावायचा नाही. दोन वर्षं त्या टपटपीवर जागलोय. आत्ता कुठे झोप लागतेय.”

“अरे, अर्ध्या तासासाठी!”

“घरमालकही अर्ध्या तासाचंच म्हणाला होता, दोन वर्षांपूर्वी.”

गल्लीच्या तोंडाशी एक नळ होता, सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. लुंबिनीने पाना लावला. अर्धा फेरा, की वर्षाचे सगळे गुरुवार तिचे. कोपऱ्यावर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“मॅम,” तनया म्हणाली, “हा मी केलाय.”

लुंबिनीने पाना एकदा घट्ट धरला, मग काढून पिशवीत टाकला.

चेअरमनसाहेबांनी फीत कापली. सगळे नळाकडे बघत राहिले. नळ सभ्यपणे गप्प होता.

“प्रॉब्लेम कहाँ है?” साहेबांनी विचारलं.

“सर, बच्चों ने ठीक कर दिया,” लुंबिनी म्हणाली.

“तो फिर बच्चों को भेजना क्यों है?” साहेबांनी पेन खिशात ठेवलं, फोटो काढून घेतला आणि गेले. मागोमाग सुहासिनी मॅडम, लुंबिनीकडे न बघता.

त्या रात्री रावसाहेबांनी मजकूर सांगितला, लुंबिनीने पाय हलवत लिहून घेतला:

“प्रति, माननीय प्रिन्सिपल, मार्फत माननीय चेअरमन. विषय: सराव चालू ठेवण्याबाबत. उपरोक्त विषयी सविनय सादर, की आठवी ‘ब’चा सराव अद्याप अपुरा आहे. तरी दर गुरुवारी शेवटचे दोन तास, वर्षभर, सरावास मुभा असावी. प्रत्यक्ष कार्यक्रमाची तारीख कधीही ठरवू नये, आणि प्रमुख पाहुणे म्हणून कोणासही, विशेषतः अर्ज मंजूर करणाऱ्यास, निमंत्रित करू नये, ही नम्र विनंती.”