मिरचीचं कार्ड
देवानंदने जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी मोबाईलचं ॲप्लिकेशन लिहिलं, तेव्हा त्यात एक छोटा इंटरप्रिटर बसवला. मेमरी कार्डावर साध्या ओळींत लिहिलेले नियम तो वाचायचा आणि बियाण्याचा प्लॉट पास की नापास ते सांगायचा. नियम बदलले तरी ॲप्लिकेशनला हात लावायला नको, नवं कार्ड धाडलं की झालं. चिमूटभर मेमरीच्या फोनमध्ये ते सगळं कोंबता कोंबता देवानंदचा जीव मेटाकुटीला आला होता.

आणि आता टेंभुर्णीचे सुपरवायझर कारभारीभाऊ यांच्या फोनवर कपाशीचे चांगले प्लॉट धडाधड नापास होत होते. शेजारचं शेत फार जवळ आहे म्हणे! एसटीत उभ्याने टेंभुर्णी गाठेपर्यंत देवानंद इंटरप्रिटरला शिव्या घालत राहिला.

बांधावरच त्याने फोन उघडून पाहिला. कार्डावर मिरचीचे नियम होते. शेजारच्या शेतातले परागकण येऊन बियाण्यात भेसळ होऊ नये म्हणून मिरचीला कपाशीपेक्षा जास्त अंतर लागतं. इंटरप्रिटर बिचारा पुढ्यात आलेलं निमूट वाचत होता.

"कारभारीभाऊ, हे कार्ड कुणाचं?"

"पिंपळगावच्या साहेबरावचं. त्याच्याकडं देवीची गाणी हायेत, माझ्याकडं भारूडं. आम्ही सगळेच सुपरवायझर कार्डं बदलून घेतो."

"सगळेच?" देवानंदचा पारा चढला. "अहो, त्याच कार्डात नियम असतात! एवढं कळत न्हाई का?"

कारभारीभाऊ बिलकुल चिडले नाहीत.

"सर, ट्रेनिंगला तुम्हीच छाती ठोकून सांगितलं व्हतं, कार्ड बदललं की नियम बदलतो. मंग बराबर बदलला की!"