उपाशीपोटीची साखर

आमचे हे लेथवर टर्नर. लोखंडातला केसाएवढा फरक यांना कळतो, बायकोचं बोलणं मात्र कळत नाही. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, तशी डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली. उरलेली अर्धी यांनी स्वतःच्या अकलेने सोडली आणि कारखानाभर सांगत सुटले, "मी सुटलो!" लोक सल्ला विचारायला येऊ लागले. मग काय, स्वारी हवेत.

आणि सकाळची साखर चढायला लागली. रात्री झोपताना बरी असायची, उठल्यावर जास्त. आधी थोडी, मग दीडशेच्या पुढे, मग दोनशेला टेकली.

"साखर मोजायचं यंत्र बिघडलंय," हे म्हणाले. नवीन यंत्र आणलं, त्यानेही तेच सांगितलं. मग कारखान्यातला नियम घरात आला. लेथवर कातलेला जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, तापलेला असताना मोजायचा नसतो, थंड होऊ द्यायचा. म्हणून उठल्याउठल्या बोट टोचायचं नाही, पोटात काही न घालता नुसतं बसून राहायचं. आकडा थंड व्हायचं सोडून आणखी वर गेला. मग दुसरा नियम निघाला. माप जास्त भरलं की अजून एक कट मारून लोखंड उतरवायचं. रात्रीच्या ताटातून आधी भात गेला, मग डाळ गेली, शेवटी ताटच गेलं. गालफडं बसली. घसा सारखा कोरडा, सारखं लघवीला उठणं. यांच्यासमोर एकटीने जेवायची मला लाज वाटू लागली.

न राहवून मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या चिडल्याच. "उपाशी ठेवून काय होणार? पहाटे यकृत आपणहून रक्तात साखर सोडतं. त्यांचं शरीर ती आवरू शकत नाहीये, औषध लागणारच. डोळे जातील, पायाच्या नसा जातील. आजच घेऊन या."

मी यांना सांगितलं.

"खाल्लंच नाही तर साखर येईल कुठून? आभाळातून?"

"तुमच्याच यकृतातून."

"तू कधी झालीस गं डॉक्टर?"

मी भांडले, रडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पाय धरले, तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं. "आता परत गोळी घेतली तर लोकांना काय तोंड दाखवू?"

"तोंड दाखवायला आधी तुम्ही राहायला हवं ना!" मी ओरडले. हे उठून बाहेर गेले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परवा सकाळी कारखान्याचेच बूट घालून फिरायला गेले. परत आले ते खुशीत. बूट काढले आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत मला सांगू लागले, आज साखर उतरणार म्हणजे उतरणारच. यांच्या मागे फरशीवर लाल डाग उमटत होते.

"अहो, पाय!"

"काय झालंय पायाला?"

मी यांना खुर्चीत बसवलं. मोजा रक्ताने चिकटला होता. तळव्यात लेथवरच्या लोखंडी किसाचा वळलेला तुकडा रुतला होता, बुटाच्या तळातून आत आलेला. त्याच्यावर चालत हे घरी आले होते. मी चिमटा उकळत्या पाण्यातून काढला.

"दुखेल हं. घट्ट धरून बसा."

यांनी डोळे मिटले, खुर्ची धरली, दात आवळले. मी तुकडा ओढला. सहजासहजी निघेना. पीळ देऊन ओढला तेव्हा निघाला, सोबत मांसही आलं.

डोळे मिटूनच हे म्हणाले, "अगं, काढ ना आता. किती ताटकळत ठेवतेस?"

तुकडा चिमट्यात होता. मी तो यांच्या तळहातावर ठेवला.

यांनी डोळे उघडले. तुकड्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मग वाकून जखमेवर स्वतःच अंगठा दाबला. पुन्हा दाबला, जोरात. रक्त बोटांवरून ओघळलं.

"काहीच कळत नाहीये गं," हे म्हणाले. "ने मला."